दुसऱ्याच्या पिंपात डोकावणारे

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याला पाणी एकाच पाइपातून येतं. पाइप गॅलरीच्या कोपऱ्यातून वर चढतो, एकेका खोलीला नळ देत जातो आणि शेवटी आमच्या खोलीशी येऊन दम टाकतो. पुढे भिंत.

काही वर्षांपूर्वी कोणीतरी नळाला पाणी खेचायची मोटर लावली. शेजाऱ्याचं पिंप कोरडं पडलं, म्हणून त्यानेही लावली. मग त्याच्या शेजाऱ्याने. बघता बघता अख्खा मजला सकाळी असा घुमायला लागला, की आता चाळ उडते आणि थेट भायखळ्यावर उतरते! पाणी मात्र कोणालाच धड मिळेना. एकदा आमच्या नळातून जिवंत झुरळ आलं. इतकं दमलेलं होतं, की बिचारं नायगावहून खेचलं गेलं असणार.

आमच्या बाबांची पद्धत ठरलेली. बनियनवर गॅलरीत फेरी मारायची, कोणाचं पिंप जास्त भरलंय ते बघायचं आणि तो जे करतो ते करायचं. कायम भरलेलं पिंप कोपऱ्यातल्या भाऊंचं. भाऊंनी मोठी मोटर आणली, बाबांनी आणली. भाऊंनी मोटरला लिंबू-मिरची बांधली, बाबांनी बांधली. भाऊ अगरबत्ती ओवाळतात कळल्यावर तर मजल्यावरच्या प्रत्येक मोरीत धूर! भाऊंची खोली पाइपाच्या तोंडाशी आहे, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

तेवढ्यात ताईची हळद आठवड्यावर आली. मालवणहून अर्धा गाव उतरणार आणि प्यायला पाणी नाही, म्हणजे आईच्या सात पिढ्यांचा उद्धार. आईची झोप उडाली. तिने बाबांची फेरी ऐकणंच सोडलं आणि रोज स्वतःच्या पिंपात हात घालून बघायला लागली. मोटर आधी लावून बघितली, उशिरा लावून बघितली, बंद ठेवून बघितली. बंद ठेवली की ठणठणाट. पण शेजारची काकू दारं लावून माहेरी गेली, त्या दिवशी आईचीही मोटर बंदच होती आणि तरी पिंप अर्ध्यापर्यंत भरलं!

काकू परतल्यावर आईने तिला दारातच गाठलं.

"वैनी, उद्या तुम्ही मोटर लावू नका. मी पण लावत नाय."

"वा गो वा! मी बंद करायची आणि तू मागच्या मागे खेचणार?"

"मग माझ्या मोटरची वायर तुमच्या घरात ठेवा. नाय भरलं तर परवापासून लावा, मी तोंड उघडणार नाय."

काकूने वायर खरंच तांदळाच्या डब्यात कोंबली. दुसऱ्या दिवशी दोघींची पिंपं भरली आणि काकूने वायर परत आणून दिली. काकूने पलीकडच्या खोलीला सांगितलं. ते हसले. मग एकदा बंद ठेवून बघितली आणि हसायचे थांबले. अशी एकेक खोली गप्प झाली.

हळदीच्या सकाळी फक्त भाऊंची मोटर गरजली. आमची धार एकदम करंगळीएवढी झाली. प्रत्येक दारात माणूस उभा, हात बटणाजवळ, डोळे शेजाऱ्यावर. एकाने लावली असती तर सगळ्यांनी लावली असती. बाबा कोपऱ्यापर्यंत जाऊन धापा टाकत आले.

"अगं, त्याचं काठोकाठ! आणि आपण येड्यासारखे बसलोय!"

"मेल्या, त्याचा कशाक बघतंस?" आईने बाबांचा बटणावरचा हात धरून पिंपात बुडवला. "हयसर बघ!"

बाह्या नसलेल्या बनियनमधले बाबा कोपरापर्यंत ओले झाले.

"आमचंही चढतंय गं!" काकू पलीकडून ओरडली. मग तिच्यापलीकडून कोणी, मग आणखी कोणी. बटणावरचे हात खाली आले.

पाणी सगळ्यांना पुरलं. एका मावशीने तर भरलेलं पिंप बघून दोनदा आंघोळ केली आणि वर विचारलं, "मुंबैत पाणी नाय म्हणतत ते खंय?"

भाऊंची मोटर अजून चालते. त्यांचं पिंप अजून आमच्याआधी भरतं. बाबांना ते बघवत नाही. पण मोटर लावत नाहीत.