काकूंपुढची हेल्मेटं

काकू प्रतिनिधी झाल्या त्या निव्वळ घोटाळ्यामुळे.

गावाबाहेरच्या सरकारी माळावर सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली आणि जीप धुरळा उडवत फिरतात. माळाचं काय करायचं ते ठरवताना माळ वापरणाऱ्यांनाही विचारावं, असं एकदा कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि सल्लागार समिती निघाली. पायी फिरायला येणाऱ्यांचे एक निवृत्त मास्तर, माळाखाली गुरं पाळणाऱ्यांची एक म्हशीवाली आणि गाडीवाल्यांचा एक माणूस, अशा तीन खुर्च्या. सल्ला या तिघांनी द्यायचा, निर्णय अधिकारी बाईंनी घ्यायचा. म्हणजे सासरच्या मंडळींना विचारून आपल्या मनासारखी साडी घेण्यातलाच प्रकार.

गाडीवाल्यांची माणूस निवडायची आपली एक रीत आहे. ज्याच्यावर विश्वास, त्याच्यापुढे आपलं हेल्मेट ठेवायचं. त्या दिवशी माळावरच्या पत्र्याच्या शेडखाली तीन-चार उमेदवार मिशांना पीळ देत बसले होते. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या त्या वेगळ्याच कामाला. त्यांचं गाड्यांची सीट-कव्हरं शिवायचं दुकान आहे आणि हेल्मेटची फाटकी अस्तरंही त्या बदलून देतात. सगळे एका जागी भेटतील म्हणून पोतं घेऊन आल्या होत्या. लोकांनी हेल्मेटं दुरुस्तीसाठी आणून त्यांच्यापुढे टाकली. अधिकारी बाई नवीन होत्या. त्यांना रीत कुणीतरी सांगितली होती, अस्तरांचं सांगितलं नव्हतं. ढीग पाहून त्या काकूंचं अभिनंदन करून मोकळ्या झाल्या.

लोक पोट धरधरून हसले. पण पुन्हा बसून भांडायचा उत्साह कुणाला नव्हता, आणि काकू सगळ्यांच्या ओळखीच्या. गाडीवर कोण सरळ बसतो आणि कोण एका अंगाला कलून, हे त्या फाटलेल्या सीटवरून सांगत. स्वतः मात्र त्यांनी कधी गाडी चालवली नव्हती.

गाडी चालवली ती त्यांच्या नवऱ्याने. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. माळाच्या टोकाला एक उभी चढण आहे. तिच्यावर पहिली मोटारसायकल चढवली उस्तादांनी, तेव्हापासून ती उस्तादांची चढण. निम्म्या गावाला त्यांनी तिथेच गाडी शिकवली. आता गुडघ्यांनी दगा दिला. काठी टेकत दुकानात येतात, बसल्या बसल्या फोम कापतात आणि गिऱ्हाईक जरा टेकलं की चढणीची गोष्ट सुरू करतात. गोष्टीतली चढण दर वर्षी थोडी अधिक उभी होते. काकू खाली मान घालून शिवत असतात, पण गोष्टीत कुणी मध्येच तोंड घातलं की डोळे वटारतात.

त्या दिवसाचं हेल्मेट दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे. आतल्या अस्तराच्या पार चिंध्या झाल्यात. साऱ्या गावाची अस्तरं बदलणाऱ्या बाईला त्याला मात्र हात लावायची परवानगी नाही.

"राहू दे गं," उस्ताद म्हणतात, "त्यात तेव्हाचा घाम आहे."

"वासावरून कळतंच ते," काकू म्हणतात.

चालवणं सुटलं तरी उस्तादांनी चढणीची काळजी सोडली नव्हती. दर वर्षी पाऊस सरला की ते सगळ्यांना गोळा करायचे आणि चढणीवर पडलेल्या घळींमध्ये दगड भरून घ्यायचे. स्वतः पायथ्याशी खुर्ची टाकून बसायचे आणि कुठला दगड कुठे बसवायचा ते घसा बसेपर्यंत ओरडून सांगायचे.

यंदा माळाखालचं तळं गढूळ झालं ते निवळेचना. माती माळावरून येते आहे, तेव्हा सगळाच माळ गाड्यांना बंद करावा, असं अधिकारी बाईंच्या मनात आलं. समितीची बैठक लागली. गाडीवाल्यांनी काकूंना बजावलं, इंचभरही सोडायचं नाही. सगळ्यांत मोठा आवाज त्यांच्या धाकट्या दिराचा, गॅरेजवाल्याचा. "वहिनी, तिथे जाऊन नरमलीस तर बघ!"

समितीचा एक नियम मात्र शहाणपणाचा आहे. जी वाट बंद करायची, ती आधी सगळ्यांनी मिळून पायी चालायची. चढणीच्या गोष्टी ऐकण्यात काकूंचा जन्म गेला होता, पण तिच्यावर पाय ठेवायची ही पहिलीच वेळ. चपला हातात घेऊन, मास्तरांचा आधार घेत त्या चढू लागल्या. पुढे म्हशीवाली चालली होती. निम्म्या वाटेवर ती थांबली.

"हे बघा," ती म्हणाली. "मधे दगड कसे घट्ट बसवलेत. पाण्याला जायला जागाच ठेवली नाही. मग ते बाजूने पोखरतं. पुढच्या वर्षी तिथेही दगड. मग त्याच्या बाजूने."

काकूंनी पाहिलं. गोष्टीतली चढण एका मोटारसायकलीपुरती होती. समोरची चढण बाजारातल्या रस्त्याएवढी रुंद झाली होती, आणि कडेच्या ताज्या घळीतून माती सरळ तळ्यापर्यंत उतरली होती. खाली म्हशी पाण्याला तोंड लावत होत्या आणि मागे सरत होत्या.

"कोण भरतं हो हे दगड?" म्हशीवालीने विचारलं. तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. "चांगल्या मनानेच भरत असणार. पण वाट लागली ना सगळ्याची."

काकूंनी वाकून एक दगड हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

बैठकीच्या खोलीत पंखा नुसताच आवाज करत होता. काकूंनी पदराने चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "ही चढण बंद करा. दगड आम्ही काढून नेऊ. बाकीचा माळ आमच्याकडे राहू द्या." म्हशीवालीने "चालेल" म्हटलं, मास्तरांनी मान डोलावली, आणि एरवी "बघू" यापलीकडे न जाणाऱ्या अधिकारी बाई चक्क "ठीक आहे" म्हणाल्या. माळ वाचला. उस्तादांची चढण गेली.

बातमी काकूंच्या आधी घरी पोचली होती.

"चढण सोडलीस म्हणे," उस्ताद म्हणाले.

"हो."

"का गं?"

"तसं ठरलं."

एरवी बैठकीतल्या प्रत्येकाची नक्कल करून दाखवणारी ही बाई त्या दिवशी तोंडात गुळणी धरून बसली. कारण सांगायचं तर दगडांचं सांगावं लागलं असतं. या माणसाकडे आता ना गुडघे उरले होते ना गाडी. उरली होती ती एक चढण, आणि ती आपण जपली हा अभिमान. चढण तर गेलीच, आता अभिमानही काढून घ्यायचा? काकूंच्याने ते होणार नव्हतं. त्यापेक्षा लोकांच्या शिव्या परवडल्या.

शिव्याही भरपूर मिळाल्या. दुकानासमोरून जाणारे मुद्दाम हॉर्न वाजवू लागले. दिराने तर आकाशपाताळ एक केलं. "दादाची चढण दादाच्याच बायकोने घालवली! कारण तरी सांग, वहिनी!" काकूंचं एकच पालुपद, मला योग्य वाटलं ते मी केलं. दिराने जाहीर केलं, पुन्हा निवड करू, या वेळी मी उभा राहतो.

दुकानात चढणीची गोष्ट बंद झाली. गिऱ्हाईक मुद्दाम रेंगाळायचं, पण उस्ताद आपले फोम कापत राहायचे. एकदा काकू कापड आणायला बाजारात गेल्या आणि परत येतात तो दुकानाला कुलूप. उस्ताद बऱ्याच वेळाने रिक्षातून उतरले. काठीचं टोक चिखलाने माखलेलं होतं. कुठे गेला होतात, असं विचारायचं काकूंच्या ओठावर आलं, पण विचारलं तर आपल्यालाही उत्तरं द्यावी लागतील म्हणून त्यांनी चिंधी घेतली आणि काठी पुसून टाकली.

निवडीच्या दिवशी शेड गच्च भरली. एका बाजूला दीर, समोर काकू. अधिकारी बाईही आल्या होत्या, या वेळी रीत नीट विचारून. उस्ताद शेवटच्या बाकावर बसले होते आणि मांडीवर त्यांचं ते जुनं हेल्मेट होतं. खिळ्यावरून ते कधी काढलं, हे काकूंना कळलंच नव्हतं.

"शेवटचं विचारतो, वहिनी," दीर म्हणाला. "चढण का सोडलीस?"

"सांगण्यासारखं काही नाही," काकू म्हणाल्या.

"आहे," मागून आवाज आला.

उस्ताद काठीवर भार देत उठले. "मी बघून आलोय. म्हशीवालीने सगळं दाखवलं. आपण भरलेल्या दगडांनी पाणी कडेला ढकललं आणि चढण फोडली. तळ्यातली माती आपल्या दगडांमुळे आहे. आपल्या म्हणजे माझ्या. तुम्ही वाहिलेत, बसवले मी."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जे झाकायला एवढं सोसलं, ते त्या माणसाने भर सभेत स्वतःच उघडं केलं होतं.

"तुला त्याच दिवशी कळलं होतं ना?" उस्तादांनी विचारलं.

"हो."

"मग यांना का नाही सांगितलंस?"

"तुमच्यासाठी," काकू म्हणाल्या. मग लोकांकडे वळल्या. "चढण सोडली ते बरोबरच केलं, पुन्हाही सोडेन. पण कारण लपवलं हे चुकलं माझं. तुमचं तुम्हाला सांगायला हवं होतं. पुढे असं होणार नाही, मग चूक घरातल्या माणसाची का असेना."

उस्ताद हळूहळू पुढे आले. सगळ्यांना वाटलं, आता हेल्मेट बायकोपुढे ठेवतील. ते काकूंच्या समोरून गेले आणि त्यांनी ते दिरापुढे ठेवलं.

"दादा, अरे!" दीर उडालाच.

"माझ्याकरता ती तुम्हा सगळ्यांशी खोटी वागली," उस्ताद म्हणाले. "मी तिच्या बाजूने ठेवलं, तर मीही आपल्याच माणसाला सांभाळलं असं होईल. तुमचं तुम्ही ठरवा." आणि दमून ते तिथेच बाकावर बसले.

मग दीर उठला. आपलं हेल्मेट उचलून तो काकूंपर्यंत गेला, त्यांच्या पायाशी ते ठेवलं आणि मान खाली घालून बाजूला उभा राहिला. त्याच्यामागून एकेक जण उठू लागला. ढीग वाढत गेला. अधिकारी बाई या खेपेला जवळ येऊन बघू लागल्या, काकूही सवयीने एकेक हेल्मेट उलटं करून आत बोटं फिरवू लागल्या.

एकाचंही अस्तर फाटलेलं नव्हतं.

फाटलेलं होतं ते एकच, आणि ते समोरच्या बाजूला एकटं पडलं होतं. काकू उठल्या, पदराने नाक पुसलं आणि ते हेल्मेट उचलून उस्तादांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"हे घेऊन जाऊ ना दुकानात?" त्यांनी हळूच विचारलं.

उस्तादांनी हेल्मेटमध्ये हात घातला. चिंध्यांवरून अंगठा फिरवला.

"घेऊन जा," ते म्हणाले. "नवीन घाल. दगड खाली उतरवायचेत, डोक्यावर काहीतरी हवं. पायथ्याशी बसून सांगायला लागेल ना कुणाला तरी, कुठला आधी काढायचा ते."