दाजी जेवले का?

माझं पहिलं अपत्य जन्माला आलं त्या आठवड्यात मी उपाशी होतो, आणि तेही एका कासवामुळे.

हे कासव माझ्या बायकोबरोबर माहेराहून आलं. इतर मुली सासरी येताना विणलेले रुमाल आणतात, हिने कासव आणलं. हिच्या काकांनी ते काठेवाडहून गलबतातून म्हसळ्याला आणलेलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या, मान सुरकुतलेली आणि नजर अशी, की आपण आत्ताच काहीतरी चुकीचं बोललो असं वाटावं. (लग्नानंतरचं पहिलं वर्षभर मी त्याच्यासमोर जपूनच बोलत असे.) त्याचं नाव दाजी. दाजींना घरात सगळे अहोजाहो करत. मीही.

मी तेव्हा चौलच्या मराठी शाळेत मास्तर होतो. आमचं आधीचं एक पोटातच गेलं होतं. त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नसू. पुन्हा दिवस राहिले तेव्हा हिने गाजावाजा न करता एक नेम धरला : आधी दाजी जेवणार, मग ती. त्या नेमाला मी हसलो नाही. हिचा चेहरा पाहून हसायचा धीरच झाला नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि रेवदंड्याच्या बंदरावर मी हिला हिच्या भावाबरोबर पडावात बसवलं. दिवस अगदी भरत आले होते. दाजी घरीच राहिले, कारण त्यांना बोट लागते. (काठेवाडहून येताना लागली होती म्हणे. कासवाला बोट लागली हे कसं ओळखतात, ते मी विचारलं नाही.)

"हे बघा," ही म्हणाली, "माझा नेम आता तुमच्याकडे. मी बाळ घेऊन घरी येईपर्यंत, दाजी जेवल्याशिवाय आपल्या घरात कुणी जेवायचं नाही. चहा चालेल, फळ चालेल."

"माहीत आहे मला."

"त्यांना ताजं लागतं हो. रोज ताजं, आणि तेच तेच पुढे करू नका. आणि अंगणात तेवढं—"

"माहीत आहे मला. तू आधी नीट बस, पडाव हलतोय."

"अहो, ऐका तरी—"

"सगळं माहीत आहे."

पडाव सुटला. ही लांबून हाताने झाडल्यासारखी काहीतरी खूण करत होती आणि 'नाही, नाही' अशी मान हलवत होती. मला वाटलं, रडू नका म्हणतेय. मी डोळे पुसले.

आता, ताजं म्हणजे ताजं शिजवलेलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अडचण एवढीच की मला शिजवता येत नव्हतं. शेजारच्या बयोकाकू आमच्या मधल्या दगडी गडग्यापलीकडून सूचना देऊ लागल्या. पहिल्या दिवशी दुधीची भाजी.

"मोहरी तडतडली का रे?"

"काहीतरी तडतडलं."

"मग टाक दुधी."

"काकू, कासवाला हिंग चालतो?"

"न चालायला काय झालं? पोटाला बराच असतो."

केळीच्या पानावर भाजी वाढली, नैवेद्य दाखवावा तसं भोवती पाणी फिरवलं. दाजींनी मान बाहेर काढली. पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान आत घेतली. मी दोन केळी खाऊन शाळेत गेलो.

दुसऱ्या दिवशी काकडीची कोशिंबीर केली, वर दाण्याचं कूट. दाजी त्या कोशिंबिरीतून चालत पलीकडे निघून गेले. तिसऱ्या दिवशी लाल भोपळ्याचे घारगे. त्यांतला एक माझ्या हातून जमिनीवर पडला तेव्हा मांजर दचकून पळालं, यावरून ते कसे झाले होते याची कल्पना यावी. चौथ्या दिवशी मी हट्टाला पेटून वालाच्या बिरड्याला हात घातला. वाल दोन दिवस आधीच भिजत घालून मोड आणले होते, आता एकेक दाणा सोलायचा. (अख्खी चौथी यत्ता एक तासभर वाल सोलत बसली होती. त्या तासाला मी 'हस्तव्यवसाय' असं नाव दिलं.) बिरडं मात्र झालं झकास. वास घेत घेत काकू आल्या आणि वाटी भरून घेऊन गेल्या. दाजींनी पाठ फिरवली. मी चुलीपुढे बसून खोबरं चावत राहिलो.

पाचव्या दिवशी खडू जड लागायला लागला. पण भुकेपेक्षा भीती मोठी होती. मी शिकलेला माणूस, नेमाधर्माचं मला काही वाटत नाही, असं मी दिवसातून चार वेळा स्वतःला सांगत होतो. चारदा सांगावं लागत होतं, यातच काय ते आलं. तिकडे म्हसळ्यात हिचं काय चाललं असेल? इकडे नेम टिकला आणि दाजीच गेले तर? आणि दाजी टिकले, पण न जेवताच टिकले, तर त्याला काय म्हणायचं?

आजाऱ्याभोवती स्वच्छता हवी म्हणून मी रोज उजाडताच अंगण लख्ख झाडत होतो. जास्वंदीखाली रात्रीतून तांबड्या फुलांचा सडा पडलेला असायचा, तो सगळा गोळा करून उकिरड्यावर टाकायचा. एक पाकळी ठेवत नसे. मग दाजी सावकाश जास्वंदीखाली जाऊन बसत आणि मान उंच करून वर बघत राहत.

काकू म्हणाल्या, "बोलावणं आलंय रे त्याला. बघ कसा आभाळाकडे डोळे लावून बसलाय."

मी त्या रिकाम्या अंगणावरून आणखी एकदा झाडू फिरवला.

सहाव्या दिवशी शाळेच्या वाटेवर एका घरी सत्यनारायण होता. मी फक्त हात जोडायला आत गेलो. पण प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. मी अकरा वेळा नाही म्हटलं नाही. बेदाणे घातलेला, तुपाने थबथबलेला शिरा. अकराव्या वेळी यजमानांनी पातेलंच माझ्या जवळ आणून ठेवलं.

घरी परतलो तर बोटांना तुपाचा वास आणि मनात काहूर. पडवीत एक पोस्टकार्ड पडलं होतं.

कोपरा फाटलेलं.

कोपरा फाडलेल्या कार्डाचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही सांगावा लागत नाही. कुणीतरी गेलं. ते कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि वाचून थेट विहिरीवर जायचं. कार्डावर शिक्का म्हसळ्याचा होता.

"काय रे आलंय?" काकूंनी गडग्यावरून विचारलं. मी नुसतं कार्ड वर धरलं. त्यांनी कोपरा पाहिला आणि पदर डोळ्यांना लावला.

"वाच रे. कोण ते तरी वाच."

"तुम्ही वाचा, काकू."

"मला कुठे वाचता येतं? मास्तर तू आहेस."

मी वाचू लागलो. सासऱ्यांचं अक्षर : "चि. सौ. हिला आज सूर्योदयी कन्यारत्न झाले. बाळबाळंतीण खुशाल आहेत..."

"अरे, मग कोपरा?"

"लिहून झाल्यावर," मी म्हणालो, "पोस्टात टाकायच्या आधी काहीतरी झालं असेल."

मी तिथेच पायरीवर बसलो. अकरा वेळा, अकरा वेळा, एवढंच डोक्यात फिरत होतं. कार्ड आधीच निघालेलं आणि शिरा आजचा, हा हिशेबही मला सुचला नाही. कार्डाच्या तळाशी आणखी एक ओळ होती : "ता. क. सौ. सांगते की दाजींना" आणि पुढे कोपराच नव्हता.

तेवढ्यात माझ्यामागे काहीतरी कचकच वाजलं.

दाजी बसले होते. त्यांच्या तोंडातून पोस्टकार्डाचा तुकडा बाहेर आला होता आणि त्या तुकड्यावर कुंकू होतं. मी हातातलं कार्ड नीट पाहिलं. माझ्या बोटांखाली झाकलेल्या उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं, आनंदाच्या पत्राला लावतात तसं. गणू पोस्टमनने कार्ड पडवीत टाकलं होतं आणि दाजींनी त्यातला एक कोपरा आपल्या अधिकारात घेतला होता.

मी हसलो की रडलो ते आता आठवत नाही. काकू मात्र भानावर होत्या.

"मेल्या, नुसता बसलायस काय? दाजी जेवले की."

खरंच, दाजी जेवले होते. त्या दिवसाचा नेम पुरा झाला होता. मी भाताचं आधण चढवलं आणि भात शिजेपर्यंत नातेवाइकांना आनंदाची सात कार्डं लिहून काढली. चारी कोपऱ्यांना घसघशीत हळदकुंकू लावलं, ओलं होतं म्हणून पडवीच्या कडेला ओळीने वाळत ठेवलं आणि जेवायला बसलो. (आत्ताच काय घडलं होतं ते बघता शिकलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. पण सहा दिवसांनी भात समोर आला की शिक्षण मागे पडतं.) जेवलो आणि आडवा झालो तो संध्याकाळीच उठलो. कार्डं जागेवर नव्हती. परतीच्या वाटेवर गणूने पाहिली असतील आणि आपणहून नेली असतील. भला माणूस.

दुसऱ्या दिवशी मी परसातली ताजी भेंडी परतून दाजींपुढे ठेवत होतो, तोच दारात अलिबागहून टांगा आला. माझे मामा उतरले. मामा कचेरीत शिरस्तेदार. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने वकील गप्प बसत. त्यांनी पगडी काढली आणि मला छातीशी धरलं.

"मन घट्ट कर."

"मामा, काय झालं?"

"आम्हालाच विचारतोस?"

मामा रडत होते, म्हणजे कुणीतरी गेलंच असणार, म्हणून मीही रडू लागलो. तोवर नागावची आत्या आली, रेवदंड्याची मावशी आली, त्यांची यजमानमंडळी आली. प्रत्येक जण मला धरून रडत होता आणि कोण गेलं ते मला सांगत कुणीच नव्हतं. शेवटी मामांनी कोटाच्या खिशातून कार्ड काढलं. माझंच अक्षर, माझंच कन्यारत्न आणि चारही कोपरे गायब.

"एक कोपरा असता तर एक माणूस धरलं असतं," मामा डोळे पुसत म्हणाले. "चार म्हटल्यावर आम्ही समजलो, म्हसळ्यात पटकीची साथ आली."

मी दाजींकडे बोट दाखवलं. सगळा उलगडा करायला बराच वेळ लागला आणि त्यात माझी अब्रू वाचेल असं काहीही नव्हतं. पण रडलेली माणसं हसायला लागली की त्यांना भूक फार लागते. आत्याने पदर खोचून चुलीचा ताबा घेतला. भात झाला, आमटी झाली, अकरा पानं मांडली. मामा पाटावर बसणार, एवढ्यात गडग्यावरून काकूंचा आवाज आला :

"दाजी जेवले का?"

सगळे थांबले. मी नेम सांगितला. लेकुरवाळी घरी येईपर्यंतचा नेम, तो मोडायचा धीर कुणाला होणार? अकरा माणसं पानं सोडून अंगणात आली. दाजी जास्वंदीखाली होते. पोटात सात कार्डांचे अठ्ठावीस कोपरे होते, त्यांना कसली घाई? आत्याने भात दिला. मावशीने आमटीत बोट बुडवून पुढे केलं. शेवटी मामा गुडघ्यांवर बसले.

"खा बाबा," शिरस्तेदार म्हणाले. "मोठी माणसं खोळंबलीत."

दाजींनी मान आत घेतली.

तेवढ्यात फाटकाशी गणू पोस्टमन उभा राहिला. हातातलं कार्ड त्याने डोक्याच्या वर धरलं होतं.

"मास्तर, म्हसळ्याचा कार्ड हाय. पन खाली न्हाय ठेवायचा आता. मीच वाचतंय."

"अरे, दे इकडे," मी म्हणालो.

"वाचू दे त्याला," मामा म्हणाले.

गणूने शब्द लावत लावत, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं वाचलं : "बारशास यावे. सौ. विचारते की, मागील कार्डात कोपऱ्यावर लिहिले त्याप्रमाणे केलेत ना? दाजींना काही रांधून घालू नये. अंगण झाडू नये. जास्वंदीची फुले पडतात ती ताजी ताजी ते आपणच खातात. निघताना सांगत होते, पण तुम्ही 'माहीत आहे' म्हणालात."

अकरा माणसांनी माझ्या लख्ख अंगणाकडे पाहिलं. मग भिंतीशी टेकवलेल्या झाडूकडे पाहिलं. मामा उठले, छत्रीच्या मुठीने जास्वंदीची फांदी खाली ओढली आणि एक फूल तोडून दाजींपुढे टाकलं. भरल्या पोटी दाजींनी ते फूल ज्या वेगाने संपवलं, तो वेग मी त्या प्राण्यात पूर्वी कधी पाहिला नव्हता. मग दुसरं, मग तिसरं. मंडळी माझ्याकडे न बघता पानांवर जाऊन बसली.

मुलगी आता मोठी झाली आहे, दाजी आहेत तसेच आहेत. अंगण झाडायला मला घरात मनाई आहे. 'माहीत आहे मला' हे मी अजूनही म्हणतो, जुनी सवय आहे. मामा समोर असले तर ते नुसती छत्री उचलतात आणि जास्वंदीकडे बघतात. मग मी खाली बसतो आणि सगळं पहिल्यापासून ऐकून घेतो.