वाघमारे सरांची संगीत खुर्ची

सर गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी पैठणला निघालेल्या बसमध्ये बाकांच्या दोन रांगांच्या मध्ये उभी होते. बसमध्ये पस्तीसेक आजी-आजोबा आणि ऐन रंगात आलेली अंताक्षरी. उजवीकडचा गट 'ठ'वर अडला होता आणि डावीकडचे टाळ्या वाजवत मोठ्यानं आकडे मोजत होते. मी फोन पर्समध्ये टाकला. "खेळ चालू असताना आपला चेहरा आपला नसतो," असं सरच म्हणायचे... पैठण येईपर्यंत मी तो तसाच सांभाळला.

त्याला आता पंधरा दिवस झाले. वाघमारे सर आम्हाला कॉलेजात शिकवायचे. आमच्या कोर्सचं नाव लांबलचक होतं, 'मनोरंजन आणि फावल्या वेळेच्या सेवा'. मावशी विचारायची, "म्हणजे टाइमपासची डिग्री का गं?" आणि सगळे हसायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण मी गप्प मात्र दोन्ही भाषांत असायचे. लोक खेळताना कसे बदलतात, हे कोपऱ्यात उभं राहून बघायला मला फार आवडायचं, एवढ्याच भांडवलावर मी प्रवेश घेतला होता. पप्पांनी एका वर्षाची मुदत दिली होती. नापास झाले तर दुसऱ्या दिवसापासून बँकेच्या परीक्षांचा क्लास.

आणि वर्षाअखेरचं प्रात्यक्षिक हेच होतं की पुंडलिकनगरच्या विरंगुळा केंद्रात अर्धा तास पंधरा ज्येष्ठांना खेळवायचं. मी संगीत खुर्ची निवडली, कारण त्यात बोलावं कमी लागतं. चौदा खुर्च्या मांडल्या, फोनला स्पीकर जोडला, जुनं गाणं लावलं. पहिल्यांदा गाणं थांबलं तेव्हा सरूआजी खुर्ची न मिळून उभ्याच राहिल्या. "आजी, तुम्ही बाद," मी म्हणाले आणि एक खुर्ची उचलली. खेळ छान चालला होता. सातवा गडी बाद झाला तेव्हा दारापाशी बसलेल्या सरांनी विचारलं, "सरूआजी कुठंयत?"

"बाद झाल्या, सर."

"ते कळलं. बाद होऊन गेल्या कुठं?"

मी बाहेर धावले. आजी चपला घालून, पिशवी खांद्याला लावून फाटकापर्यंत पोहोचल्या होत्या. "तूच म्हनलीस ना बाद म्हणून? मग मी निघाले घरी. अर्ध्या घंट्यासाठी रिक्षानं आले, अन् तू दोन मिनटांत हाकलून दिलं." मला रडूच यायला लागलं. त्या जरा नरमल्या. "गाणं लई चांगलं व्हतं पण. मधीच बंद करती. तुला बंद करता येत नाय नीट. माझ्याकडं दे."

मी फोन त्यांच्या हातात दिला! तिथल्या तिथं, काही विचार न करता. आत आल्यावर त्या स्पीकरशेजारी अशा बसल्या की जणू आता सगळं केंद्र त्यांचंच. देशमुख आजोबा खुर्चीपाशी आले की गाणं चालू, पुढं सरकले की बंद. "सरूबाई, ही दादागिरी आहे!" "व्हय, आहे. उठा." मग बाद झालेला प्रत्येक जण फोनकडे धावायला लागला. गाणं कधी थांबवायचं यावर तिथं इतकी भांडणं की खुर्च्यांवर कोण उरलंय ते बघायलाही कुणी नाही. सरांनाही मध्ये ओढलं, आणि ते पहिल्याच फेरीत बाद! मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं ओरडले, "सर, उठा!"

सरांनी मला नापास केलं. वहीत लिहिलं, "बाद झालेला माणूस कुठं जाईल, हे खुर्च्या मांडायच्या आधी ठरवावं. पुढच्या गुरुवारी पुन्हा." तरी मी घरी उड्या मारत आले. पप्पा म्हणाले, "नापास झालीस ना? आणि पुढच्या गुरुवारीही झालीस तर?"

"तर त्याच्या पुढच्या गुरुवारी," मी म्हणाले. पप्पांनी क्लासचा फॉर्म आणून ठेवला होता, तो भरायला त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. मी पुढच्याच गुरुवारी पास झाले आणि आज त्याच केंद्रात नोकरी करते.

मागच्या रविवारी पडेगावला सरांच्या घरी गेले. हॉलमध्ये आठ-दहा माणसं भिंतीला टेकून बसलेली, पंख्याकडे बघत. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हळूच म्हणाल्या, "रोज असंच गं. येतात, बसतात, जातात. कुणी त्यांच्याबद्दल बोलतच नाही." मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. "सरांनी मला एकदा नापास केलं होतं," मी म्हणाले आणि सरूआजींच्या आवाजात सगळं सांगितलं. कोपऱ्यातले एक काका हसले. "तुम्हाला एकदाच? मला कबड्डीत तीनदा संघाबाहेर काढलं त्यानं!" म्हणत ते उठलेच आणि सर दम कसा धरायचे ते हॉलच्या मधोमध करून दाखवायला लागले. शेजारीण म्हणाली, "असं नाही हो, पाय असा टाकायचे ते," आणि पदर खोचून तीही उभी राहिली. मी बाजूला सरकून जागा करून दिली.

काकू डोळे पुसत हसत होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "मी चहा टाकते. कुणी घरी जायचं नाही."