तिसऱ्या सर्वरकडे गेलेल्या अकरा विनंत्या

आदिलाबादच्या एका रक्तपेढीचं संगणकाचं काम मी सांभाळायचो. गावोगावच्या दवाखान्यांतून रक्ताची मागणी वेबवरून यायची. ती आधी पुढच्या सर्वरवर यायची आणि तो मागच्या तीन सर्वरांना आळीपाळीने वाटून द्यायचा, म्हणजे एकावरच भार पडू नये. फोनवर मागणी घ्यायची नाही, हा नियम माझाच. तेलुगू, हिंदी, मराठीच्या घोळात रक्तगट चुकीचा लिहिला जायचा, आणि मला घोळाची भारी चीड.

पण या वाटणीत एक कटकट होती. एका सर्वरवर लॉगिन केलेल्या नर्सची पुढची विनंती दुसऱ्याकडे गेली, की तो तिला ओळखायचाच नाही, पुन्हा पासवर्ड मागायचा. तक्रारी ऐकून माझे कान किटले. तिघांना एकमेकांची माहिती पुरवणं हे खरं काम, त्याला आठवडा लागला असता. मी दहा मिनिटांत एक ओळ बदलली आणि प्रत्येक दवाखाना एकेका सर्वरला बांधून टाकला. तक्रारी थांबल्या. साहेबांकडून पाठही थोपटून घेतली.

मग एका दुपारी तिसरा सर्वर अडकला. पुरता बंद पडला असता तर पुढच्या सर्वरने त्याला वगळलं असतं. पण चालू आहेस का विचारलं, की हा हो म्हणायचा, काम मात्र करत नव्हता. बाकीच्या दोघांवर मागण्या येत होत्या, माझ्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. मी निवांत चहाला गेलो.

त्याच वेळी नेरडीगोंड्याकडच्या एका छोट्या दवाखान्यात एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. शेवटी तिचा नवरा मोटरसायकलवर चिठ्ठी घेऊन आमच्या दारात आला, तेव्हा आम्हाला कळलं. रक्ताच्या पिशव्या घेऊन गाडी वाटेतल्या गुडीहत्नूरपर्यंत पोचली, तोवर बाळंतीण गेली होती.

मी नोंदी काढून पाहिल्या. त्या दवाखान्यातून अकरा विनंत्या आल्या होत्या, अकराही तिसऱ्या सर्वरकडे. जुन्या आळीपाळीत पुढचीच विनंती चालू असलेल्या सर्वरकडे गेली असती. त्याने पासवर्ड मागितला असता, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. नर्स मराठीच होती, डोळे सुजलेले.

"फोन काऊन नाही केला?" मी वर तोंड करून विचारलं.

"तुमीच म्हनलं होतं ना सर, फोन नका करू. मी बटन दाबूनच राह्यली होती. पेज नुसतं फिरून राह्यलं होतं." मग हळूच म्हणाली, "मी घाईघाईत लई वेळा दाबलं. त्यानंच तर अटकलं नाही ना?"

मी नाही म्हणालो. तिला वाटलं, मी समजूत काढतोय. ती रडायला लागली. माझ्या त्या एका ओळीचं खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. ती बाळंतीण आपल्यामुळे गेली असं तिला आजही वाटतं, आणि मी ते वाटू दिलं आहे.