मैत्रीचं पत्र
विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला काही वर्षांपूर्वीचा तो रविवार आठवतो. दूर कुठंतरी युद्ध पेटलं होतं. एकाच बाजूनं लढणाऱ्या दोन देशांच्या बिशपांनी, आपल्या राष्ट्रांची मैत्री अखंड राहो, असं मिळून पत्र लिहिलं होतं आणि त्याचं मराठी भाषांतर राजोडीजवळच्या आमच्या चर्चमध्ये, गावचा शाळामास्तर म्हणून, मी वाचून दाखवलं. उघड्या दारांतून सुरूच्या बनातला खारा वारा आत येत होता. मिस्साची प्रार्थना संपून मेणबत्त्या विझवल्यावर एक कोळीण मावशी माझ्यासाठी दारात थांबली. तिचा मुलगा खलाशी होता आणि त्याचं जहाज तिकडच्याच बंदरात अडकलं होतं. "मास्तर, त्यांची दोस्ती झाली ना? मंग माज्या पोराला सोडतील?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मावशी, ही दोस्ती लढाई जिंकण्यासाठी आहे." ती म्हणाली, "मंग देवळात कशाला वाचलं?" मी हातातल्या पत्राची घडी करून खिशात घातली. थोड्याच दिवसांत त्या जहाजावर बॉम्ब पडला. पुरायलासुद्धा काही आलं नाही. मावशी अजून दर रविवारी येते आणि तसली पत्रंही येत राहतात. ती वाचायला आता माझ्याऐवजी दुसरं कोणी उभं राहतं, एवढाच काय तो फरक.