जोमदार फूट

सांगतो, पण एका अटीवर. ऐकून झाल्यावर माझ्याकडं कुणी बोरं मागायची नाहीत. चहा मागा, तो मिळेल.

नव्वद सालानंतर आमच्या भागात फळबाग योजनेचं वारं सुटलं होतं. रोपं, खड्डे, सगळ्याला सरकारी अनुदान. अट एकच, झाडं जगली पाहिजेत. कळंबला आमचा एकरभर माळ होता, त्यात कुसळांशिवाय काही उगवायचं नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथं शंभर बोरी लावायचं ठरवलं. "मरायच्या आधी आपल्या रानातलं उमराण खायचंय," एवढंच त्यांचं म्हणणं. उमराण म्हणजे मोठं, गोड बोर.

त्याची रीत अशी. आधी रानबोरीची रोपं वाढवायची, मग त्यांवर उमराणीचा डोळा भरायचा, म्हणजे तिच्या कोंबाचं कलम करायचं. डोळे भरणारा गडी जाताना सांगून गेला, "डोळ्याच्या खाली फुटंल ते काढत जावा." आबांना मोतीबिंदूनं दिसेनासं झालेलं. काम माझ्याकडं आलं.

आता मी कोण? भवानीनगरच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. तो गडी चौथी पास, मी बीएस्सी. रानात जाऊन बघतो तर डोळ्याची फूट मरतुकडी आणि खालची चांगली बोटाएवढी जाड, हिरवीगार. अनुदान जगलेल्या झाडाला, मग मरतुकडं राखायचं कशाला? शंभरही झाडांची वरची फूट छाटून टाकली.

"खालचं काढलंस न्हवं?" आबांनी विचारलं.

"जोमदार ते ठेवलं, आबा. झाड जगंल बघा."

"तू शिकलेला हायस," ते म्हणाले.

आणि जगली की हो! तपासणीचे साहेब बांधावरूनच मोजून गेले, वर शाबासकी दिली. शेजारच्या रानातले दत्तूतात्या रोज येऊन बघायचे. "मास्तर, आमची फूट लई बारीक हाय वो." मीच कात्री घेऊन त्यांच्या रानात गेलो. परोपकार, दुसरं काय?

दुसऱ्या वर्षी बोरं लागली. हरभऱ्याएवढी. एक तोंडात टाकलं, दात आंबले. शंभरच्या शंभर रानबोरी. उमराण मी स्वतःच्या हातानं कापून टाकली होती, आपलीही आणि तात्यांचीही. तात्या मला काहीच बोलले नाहीत. पुढं सहा वर्षं बोलले नाहीत.

त्याच हिवाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. रोज विचारायचे, "बोरं लागली का रं?"

"लागली, आबा. पिकू द्या."

इतकी लाज वाटायची की त्यांच्या खाटेजवळ जायचंच मी टाळू लागलो. शेवटी इंदापूरच्या बाजारातून उमराण बोरं आणली आणि एक बोर त्यांच्या हातात ठेवलं. "घ्या. आपल्या रानातलं."

आबांनी ते चाचपलं, हुंगलं, हळूहळू चघळून खाल्लं. बी माझ्या तळहातावर ठेवली.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "दत्तूलाबी नेऊन दे एक. गेल्या म्हैन्यात त्यानंच सांगितलं मला समदं."

बी मी मुठीत धरली. "मग रोज विचारत हुता ते?"

"तू कवा सांगतोस, त्याची वाट बघत हुतो."

आठ दिवसांनी आबा गेले. पण त्या दिवशी खाटेपाशी, हातात ती बी घेऊन, या बीएस्सी मास्तरानं त्यांना काय उत्तर दिलं असेल?

"आबा, पण झाड एकबी मेलं न्हाय."