तक्रार: खरखर

माझ्या दादाला लोक ‘पेडलवाले’ म्हणतात. सायकलचे नव्हे. गिटार वाजवणारी मंडळी पायाशी छोट्या लोखंडी डब्या ठेवतात, पायाने दाबली की आवाज बदलतो, ते पेडल. तीस वर्षं दादा त्या डब्या दुरुस्त करतोय. त्यातली एकोणीस वर्षं मी काउंटरवर बसून प्रत्येक डबीला चिठ्ठी बांधतेय: कुणाची, तक्रार काय, कधी हवी. दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडे.

दादाचा खास जीव फाटक्या आवाजावर. डिस्टॉर्शन म्हणतात त्याला. चांगला सरळ आवाज घ्यायचा आणि मुद्दाम फाडायचा. मला त्यातलं सुख कधीच कळलं नाही आणि मी ते लपवलंही नाही. “फाडायलासुद्धा हात लागतो,” एवढंच तो म्हणायचा आणि पुन्हा भिंगात डोळा घालायचा.

तसा हात त्याच्या गिटार वाजवणाऱ्या मुलीला होता. एकुलती एक. कागदोपत्री नाव दुसरं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळ्यांची भिंगरी. तिने पहिल्या पगारातून डिजिटल प्रोसेसर आणला तेव्हा बापलेकीची आठवडाभर जुंपली होती. एकाच पेटीत दोनशे आवाज, सगळे आकड्यांत साठवलेले, नंबर दाबला की हजर. दादा त्याला ‘कॅल्क्युलेटर’ म्हणायचा. आठव्या दिवशी भिंगरी स्वतःच दुकानात आली. “बाबा, ह्यातलं बाकी सगळं झकास आहे. फाटका आवाज तेवढा मेलेला आहे.” आनंद लपवायचा एवढा प्रयत्न दादाने केलेला मी आयुष्यात पाहिला नाही.

त्याने तिच्यासाठी एक निळी डबी स्वतः बनवली. तीन गोल नॉब: व्हॉल्यूम, टोन आणि ड्राइव्ह, म्हणजे किती फाडायचं ते. ती तिने प्रोसेसरच्या इफेक्ट्स लूपमध्ये जोडली. वहिनीने विचारलं, लूप म्हणजे काय गं. भिंगरी म्हणाली, “हे बघ आई, मागे दोन भोकं आहेत. ह्यातून आवाज घराबाहेर पडतो, बाबांच्या दुकानात जाऊन फाटून येतो आणि ह्यातून परत घरात. मग त्याला घुमारा वगैरे घरातच चढतो. आणि बाबांचा कंटाळा आला की हे एक बटण. दुकान बंद.”

“बटणाने बंद होतात?” वहिनी म्हणाली. “एवढी वर्षं कुणी सांगितलं नाही मला.”

त्या दिवशी आम्ही चौघं पोट दुखेस्तोवर हसलो. मी हे सगळं नीट सांगतेय कारण पुढचं ह्यावाचून कळणार नाही.

भिंगरी चोविसाव्या वर्षी गेली. साधा ताप म्हणत म्हणत दहा दिवसांत. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, मला जमत नाही.

तिच्या खोलीत प्रोसेसर होता तसाच जमिनीवर राहिला, निळी डबी बाजूला, जोडलेलीच. प्रोसेसरमध्ये लूपर नावाची सोय असते. एकदा वाजवलेलं तो लक्षात ठेवतो आणि थांबवेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाजवतो. भिंगरीने आजारी पडायच्या आदल्या दिवशी काहीतरी छोटं वाजवून ठेवलं होतं, मोजून बावीस सेकंदांचं. वहिनीला ते महिन्याभराने सापडलं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी सहाला शिवणयंत्र बंद करायची, खोलीत जाऊन जमिनीवर बसायची आणि पायाने दाबायचं बटण हाताने दाबायची.

वर्षभराने त्या आवाजात खरखर यायला लागली. नॉबच्या आत धूळ बसली की येते. वहिनी काही बोलली नाही, मीच बोलले. “जगाची खरखर काढतोस,” मी दादाला म्हटलं, “आणि घरची तेवढी राहिली.” तीनचार दिवस त्याच्या मागे लागले. शेवटी त्याने डबी दुकानात आणली आणि मी सवयीने चिठ्ठी लिहिली. तक्रार: खरखर.

खरखर काढायची रीत ठरलेली आहे. डबी उघडायची, नॉबच्या मुळाशी औषधाचा फवारा मारायचा आणि नॉब ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचा, म्हणजे औषध आत पसरतं. दादाने हे हजारो वेळा केलंय. बोटं आपणहून करतात, तो गप्पा मारत असतो. तेव्हाही मारत होता. पहिला नॉब झाला, दुसरा झाला, तिसऱ्यावर त्याचा हात थांबला.

“कुठे होतं हे?” तो म्हणाला.

मला वाटलं स्क्रूड्रायव्हर शोधतोय. “समोरच तर आहे,” मी चिठ्ठीवरून मान वर न करता म्हटलं. मग मान वर केली. तो तिन्ही नॉबवर तीन बोटं ठेवून बसला होता.

प्रोसेसरमधलं सगळं शाबूत होतं, आकडे कुठे जात नाहीत. लूपरमध्ये होती ती गिटार मात्र साधी, डबीत शिरण्याआधीची. तिला भिंगरीचा आवाज द्यायचं काम डबीचं होतं, आणि डबी काही साठवत नाही. हाताने नॉब जिथे सोडला तिथे तो राहतो, बस. नॉब फिरवताना तिचा तो हात पुसला गेला होता. आम्ही फोटो शोधला. एकच मिळाला. त्यात तिचा बूट टोन आणि ड्राइव्हवर होता, नुसता व्हॉल्यूम दिसत होता.

दादाने अंदाजाने नॉब लावले आणि चिठ्ठी सोडून डबी गुपचूप जागेवर ठेवली. सहाला वहिनीने बटण दाबलं. दुसऱ्या सुरालाच तिने आमच्याकडे पाहिलं. “अहो, काय केलंत?”

दादाने सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तिचा हात होता तो.” आणि उठून गेली.

त्यानंतर चार महिने त्या घरात रोज संध्याकाळी एवढंच बोलणं. दादा नॉब केसभर सरकवायचा. “हे?” “नाही.” “आता?” “नाही.” वहिनी मुद्दाम छळत होती असं मला मधेमधे वाटायचं, आणि मग माझीच मला लाज वाटायची. दादाचं वजन उतरलं. तो दुकानात गिऱ्हाइकाची डबी उघडण्याआधी कागदावर गोल काढून त्यात नॉबची रेघ मारायला लागला. लोक हसायचे. आता मारून काय उपयोग, असं माझ्याही तोंडावर आलं होतं. गिळलं.

मग एकदा वहिनीने त्याचा हात बाजूला केला आणि लूपचं बटण बंद केलं. डबी वाटेतून बाजूला झाली. उरली नुसती तार. बोट तारेवरून घसरल्याचा आवाज. चौथा सूर चुकलेला, आणि लगेच पकडलेला.

“ही चुकायची?” वहिनीने विचारलं.

“फाटक्या आवाजात झाकलं जातं,” दादा म्हणाला. “तिने हे कुणाला ऐकू दिलं नसतं.”

“मी कुणी आहे का?” वहिनी म्हणाली. ती बराच वेळ ऐकत बसली. मग म्हणाली, “आता असंच राहू दे.”

दादा म्हणाला, “म्हणजे मी नको त्यात.”

“मी असं म्हटलं नाही.”

पण तसंच होतं ते, आणि तिघांनाही कळत होतं. भिंगरीच्या वाजवण्यात दादाची जागा एवढीच होती, ती डबी. त्याने वायरी काढल्या आणि दुसऱ्या दिवशी डबी दुकानात आणून वरच्या फळीवर ठेवली. माझी चिठ्ठी पुन्हा तिला बांधलेली आहे.

आता दुकान साडेपाचला बंद होतं, घर दहा मिनिटांवर, आणि दादा सातला पोचतो. कुठे जातो हे मी गेल्या आठवड्यात पाहिलं. कुठेच जात नाही. खालच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसतो. मीही शेजारी बसले. वरून ते ऐकू येत होतं, बावीस सेकंद, पुन्हा बावीस सेकंद.

“दादा,” मी म्हटलं, “साफ कर म्हणून मीच मागे लागले होते. वहिनीला मी अजून सांगितलं नाही.”

“खरखर होतीच,” तो म्हणाला. “काढायलाच हवी होती.”

त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि अंगठा नि दोन बोटं हळूहळू फिरत होती. थोडं इकडे, थोडं तिकडे.

“वर चल,” मी म्हटलं.

“संपू दे.”

लूपर आपणहून थांबत नाही. वरून कुणीतरी बटण दाबावं लागतं. चौथा सूर चुकला, पकडला गेला, पुन्हा चुकला. आम्ही बसून राहिलो.